सगळं घातलं, तरी काहीतरी खटकतंय: दागिने, पर्स, चपलांचा घोळ शोधायचा कसा?

साडी चापून-चोपून नेसलेली आहे, निऱ्या जागच्या जागी आहेत, ब्लाउज अंगासरशी बसलाय, सेटही नवाकोरा आहे. तरी आरशासमोर उभं राहिलं की काहीतरी खटकतं. काय ते मात्र सांगता येत नाही. तेवढ्यात बाहेरून हाक येते, "झालं का गं? गाडी काढलीये कधीची!" मग घाईघाईत आणखी एक माळ चढते, दोन बांगड्या वाढतात, केसांत एक पिन खोचली जाते. खटकणं तिथंच राहतं आणि अंगावरचं ओझं तेवढं वाढतं.

लग्नसराई सुरू झाली की नात्यातल्या आणि कॉलनीतल्या बायका मला या तक्रारीचे फोटो पाठवतात. नागपुरात बरेचसे मुहूर्त ऐन एप्रिल-मेमधले, पारा ४५ च्या पुढे गेलेला, लग्न लॉनवर आणि जायचं स्कूटीवरून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. त्यामुळे आपल्याकडच्या तक्रारी मासिकातल्या टिपांनी फारशा सुटत नाहीत. एवढे फोटो पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. दोष नव्या सेटमध्ये क्वचितच असतो. रोज अंगावर असतात म्हणून ज्या वस्तू आपण हिशेबातच धरत नाही, त्यांच्यात तो असतो. मंगळसूत्र, चष्मा, स्मार्टवॉच, कानातल्या रोजच्या रिंगा, मनगटावर राहून गेलेलं केसांचं रबर, ऑफिसला नेतो तीच पर्स. यातलं काहीही 'दागिना' म्हणून आपण निवडलेलं नसतं, पण बघणाऱ्याला ते सगळं दिसत असतं.

म्हणून आधी काही वाढवायचं नाही. आधी शोधायचं.

शोधायचं कसं

आरशावर विसंबू नका, आपला चेहरा आरशात बघायची आपल्याला फार सवय झालेली असते. घरातल्या कुणाला तरी सात-आठ फुटांवरून, मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने, डोक्यापासून पायापर्यंत फोटो काढायला सांगा. सेल्फी इथे कामाची नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला जवळ असलेलं नाक आणि त्यावरची नथ उगाच मोठी दिसते, कान मागे पडतात. मग आपण बिचाऱ्या नथीला दोष देऊन मोकळ्या होतो.

आता तो फोटो मोबाइलमध्येच काळा-पांढरा करा. रंग गेले की फक्त गडद आणि फिकट उरतं, आणि नजर आधी कुठे जाते ते चटकन कळतं. चेहऱ्यावर किंवा मुख्य हारावर गेली तर सगळं ठीक आहे. मनगटावरच्या काळ्या पट्ट्यावर, पोटाशी धरलेल्या मोठ्या पर्सवर किंवा गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या रेघेवर गेली, तर खोट तिथेच आहे. एक फोटो पाठीमागूनही काढा. पाठ आपल्याला कधी दिसत नाही, मात्र लॉनवर जेवायच्या रांगेत मागच्या माणसाला तीच दिसते.

मग एकेक वस्तू काढून बघायची, आणि सुरुवात नव्या सेटपासून करायची नाही. आधी घड्याळ, मग रोजच्या रिंगा, मग पर्स बाजूला ठेवून एक फोटो. बहुतेक वेळा इथवर येईपर्यंतच काम झालेलं असतं. माझ्या एका मावशीची पद्धत याहून झटपट आहे. ती वरपासून खालपर्यंत एकदा बघते आणि म्हणते, "काऊन वं, महालक्ष्मीवाणी सारंच अंगावर घातलं काय?" ती नेमकं काय काढायचं ते सांगत नाही, पण काढायचं आहे एवढं पक्कं कळतं.

तक्रार पहिली: गळ्यात गिचमीड दिसते

सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात, म्हणून इथे जरा थांबते.

ठुशी घातली, खाली मोहनमाळ घातली, दोन्ही छान आहेत. मग गर्दी कसली? तिसरा दागिना मोजायचा राहिलाय, तो म्हणजे मंगळसूत्र. रोजचं आखूड मंगळसूत्र साधारण १८ इंचांचं असतं. ठुशी गळ्यालगत बसते, मोहनमाळ खाली लोंबते आणि मंगळसूत्राच्या वाट्या बरोबर दोन्हींच्या मधे, बऱ्याचदा नेमक्या ब्लाउजच्या गळ्याच्या काठावर येऊन टेकतात. त्यात काळे मणी. फिकट साडीवर चेहऱ्याजवळची सगळ्यात गडद रेघ तीच असते. काळ्या-पांढऱ्या फोटोत मोहनमाळ विरून जाते, मंगळसूत्र तेवढं ठसठशीत दिसतं.

काही जणी मंगळसूत्र ब्लाउजमध्ये सारून देतात. मला तो उपाय आवडत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना काळी रेघ दिसतेच, वर कापडाखाली वाट्यांचा उंचवटा येतो. त्यापेक्षा त्या दिवशी मंगळसूत्रालाच खालची माळ माना आणि मोहनमाळ घरी ठेवा. ठुशी आणि मंगळसूत्र ही जोडी पुरेशी भरीव दिसते. मोहनमाळ घालायचीच असेल तर आखूड मंगळसूत्राऐवजी लांब घाला आणि मग ठुशीला सुट्टी द्या.

लांबीचा अंदाज डोळ्यांनी करू नका. एक दोरा घ्या, गळ्याभोवती धरा आणि माळ जिथवर यायला हवी तिथे गाठ मारा. तो दोरा पट्टीवर मोजला की तुमचं माप कळलं. ढोबळमानाने १४ ते १६ इंच म्हणजे गळ्यालगत, १८ म्हणजे गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, २० ते २४ म्हणजे छातीवर, आणि २८ च्या पुढे राणीहाराची जातकुळी. पण मान १३ इंची असेल तर १६ ची माळ खाली उतरते आणि मान १५ इंची असेल तर तीच गळ्याला चिकटते. म्हणून वहिनीच्या गळ्यात झोकदार दिसणारा हार आपल्या गळ्यात फास लावल्यासारखा बसतो, यात हाराचा काही दोष नसतो.

दोन माळांमध्ये निदान दोन-तीन इंचांचं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर जेवणाच्या पंगतीपर्यंत त्यांची गुंतवळ झालेली असते. शिवाय माळ एक तर ब्लाउजच्या गळ्याच्या स्पष्ट वर संपावी, नाही तर स्पष्ट खाली. दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली. बरोबर काठावर टेकली की ब्लाउजची किनार आणि माळ या दोन रेघा एकमेकींशी भांडतात, आणि "काहीतरी खटकतंय" ते बहुतेक वेळा हेच असतं.

हे दुरुस्त करायला नवा सेट लागत नाही. इमिटेशन सेटच्या मागे रेशमी दोरी आणि गोंडा असतो. ती सरकती गाठ इकडे-तिकडे केली की माळ दोन-तीन इंच वर-खाली होते. सेट खोक्यातून निघाला तसाच कितीतरी जणी घालतात, गाठीला हातही लावत नाहीत. दोरीऐवजी साखळी असेल तर मागे जोडायचा साखळीचा जादा तुकडा बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठल्याही इमिटेशनच्या दुकानात सहज मिळतो. असे दोन-तीन तुकडे पर्समध्ये टाकून ठेवा.

आता पाठीकडे या. ब्लाउज मागून खोल गळ्याचा असेल, त्याला दोरी आणि लटकन असेल, आणि हाराचा गोंडाही तिथेच लोंबत असेल, तर पाठीवर तीन झुपके होतात. वर अंबाड्यावरचा गजरा. हाराची दोरी उरलेली असेल तर तिची छोटी गाठ मारून ती ब्लाउजच्या काठाखाली पिनेने अडकवा. दहा सेकंदांचं काम आहे.

बंद गळा किंवा बोट नेक असेल तर गळ्यात काहीही न घालणं हा सर्वांत सोपा उपाय. सगळा भार कानांवर टाका. पण तसं करवत नाही, कारण सेट आधीच घेतलेला असतो आणि ब्लाउज नंतर शिवला जातो. तेव्हा पुढच्या वेळी टेलरकडे जाताना सेट सोबत न्या, गळ्यात घालून दाखवा आणि "याच्या दोन बोटं खाली गळा ठेवा" असं सांगा. टेलर आधी जरा विचित्र नजरेने बघेल. बघू द्या.

तक्रार दुसरी: दुकानात जुळत होतं, घरी जुळत नाही

इतवारीच्या किंवा गांधीबागेच्या अरुंद गल्लीतल्या दुकानात भरदुपारीसुद्धा दिवे लागलेले असतात. त्या पांढऱ्याफेक उजेडात दोन रंग हुबेहूब जुळतात, आणि घरी पिवळ्या दिव्याखाली एक मरून रंगाचा निघतो, दुसरा जांभळट. दुकानदाराने फसवलं असं नाही. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या दोन वस्तू एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. कापड, काच आणि लाख या तिघांचं रंग घेणंच मुळात वेगळं.

म्हणून मॅचिंगला जाताना मोबाइलमधला साडीचा फोटो नेऊ नका. कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. पदराच्या गोंड्यातला एखादा धागा किंवा ब्लाउजपीसच्या कडेची पट्टी न्या. बांगडी किंवा पर्स त्याच्याशी लावून दुकानाच्या पायरीवर, बाहेरच्या उजेडात बघा. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर घरच्या पिवळ्या दिव्याखाली पुन्हा एकदा बघा, आणि बदलून मिळेल का ते आधीच विचारून ठेवा.

रंगापेक्षा जास्त गडबड करते ती धातूची छटा. साडीची जर पिवळी आहे, तांबूस आहे, मळकट अँटिक आहे की चंदेरी, हे आधी ठरवा. दागिना साडीच्या रंगाला नाही, जरीला जुळवायचा असतो. अँटिक जरीच्या साडीवर हळदीसारखा पिवळाधमक एक ग्रॅमचा सेट घातला की साडी जुनाट दिसते आणि सेट खोटा.

खऱ्या सोन्यातही हे होतं. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, म्हणून त्याला ९१६ म्हणतात. उरलेल्या ८.४ टक्क्यांत तांबं जास्त पडलं तर लालसर झाक येते, चांदी जास्त पडली तर फिकट पिवळी. आजीच्या पाटल्या आणि नव्या बांगड्या एका हातात वेगळ्या दिसतात त्या यामुळेच. आणि १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्केच असल्याने त्याचा पिवळेपणा आणखी कमी. असे दोन रंग शेजारी-शेजारी घालू नका. पाटल्या एका हातात, नव्या बांगड्या दुसऱ्या हातात, की प्रश्न मिटला. नाही तर मधे काचेच्या चार बांगड्या टाका, म्हणजे नजर त्यांची थेट तुलना करत नाही.

सोनेरी आणि चंदेरी एकत्र चालतं का, हे हमखास विचारलं जातं. चालतं, पण चंदेरी एकदाच दिसली तर ती चूक वाटते आणि दोनदा दिसली तर ठरवून केल्यासारखी. सोन्याच्या सेटवर स्टीलचं घड्याळ घालायचंच असेल तर पर्सची कडी तरी चंदेरी असू द्या.

आपल्या विदर्भातली करवतकाठी टसर असेल तर गोष्ट निराळी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही साडी. तिचा मधाळ रंग टसरचा स्वतःचा असतो आणि काठाला करवतीसारखे दाते. तिच्यावर लखलखीत पॉलिशचा सेट माझ्या डोळ्यांना अगदी सोसवत नाही. काठ मरून किंवा काळा असेल तर ऑक्सिडाइज्ड चांदी किंवा मॅट फिनिशचा एकच ठसठशीत दागिना घाला. काठाचे दातेच इतके देखणे असतात की गळ्यात दुसरी नक्षी लागत नाही.

तक्रार तिसरी: गेल्या वर्षी हाच सेट छान दिसला होता

दिसला असेलही. तो आता तसा राहिलेला नाही. इमिटेशन म्हणजे बहुतेक वेळा तांबं किंवा पितळ आणि त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. घामातले क्षार आणि अत्तरातली रसायनं तो मुलामा खातात, मग खालचं तांबं हवेशी भिडतं आणि काळवंडतं.

इथे नागपूरची खास भानगड आहे, ती कूलरची. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत आपल्या बेडरूममध्ये कूलर घरघरत असतो आणि दागिन्यांचं कपाटही त्याच खोलीत. बाहेरची हवा कोरडीठाक असली तरी कूलर पाण्यातून हवा ओढून खोली दमट करतो. मग पावसाळा लागतो. म्हणजे सेटला अर्धं वर्ष दमट हवा. खोक्यातला गुलाबी कापूस ओल धरून ठेवतो, तो काढून टाका. सेट कोरड्या फडक्याने पुसा, झिपच्या पिशवीत हवा काढून ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि पिशवी कूलर नसलेल्या खोलीत ठेवा. चांदीच्या वस्तूंना रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आणि ऑक्सिडाइज्ड दागिना चांदी चमकवायच्या द्रावणात बुडवू नका. त्याचा काळेपणा मुद्दाम आणलेला असतो, तोच निघून जाईल.

मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. स्प्रे आणि पावडर आटोपल्यावर तन्मणी. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, अत्तर आणि घाम त्याला मानवत नाही.

गळ्यावर काळा डाग पडला तर लगेच सोनं खोटं ठरवू नका. फाउंडेशनमधली आणि पावडरमधली काही खनिजं सोन्यापेक्षा कठीण असतात. ती धातू घासतात आणि घासलेल्या धातूचीच काळी पूड त्वचेवर दिसते. हिरवट डाग मात्र तांब्याचा. तोही धुतला की जातो. डाग नाही पण खाज सुटतेय, कानाच्या पाळीतून पाणी येतंय, असं असेल तर बहुधा निकेल. त्या कानांत इमिटेशन नकोच. टायटॅनियमची किंवा २२ कॅरेटची काडी असलेलं घाला आणि पुरळ हटत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काडीला पारदर्शक नेलपॉलिश लावायची युक्ती एका संध्याकाळपुरती चालते, पण थर उडाला की खाज परत.

तक्रार चौथी: चेहरा दागिन्यांत हरवतो

नथ, झुमके, टिकली, भांगातून कपाळावर येणारी बिंदी, गजरा आणि चष्मा. यातला चष्मा कुणीच मोजत नाही. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा हा चेहऱ्यावरचा सर्वांत मोठा दागिना आहे. तो काढा असं मी म्हणणार नाही, कारण लग्नात माणसं ओळखता यायला हवीत. पण तो असेल तर कपाळावरची बिंदी गळली पाहिजे आणि झुमक्यांच्या जागी कुड्या आल्या पाहिजेत. फ्रेम बारीक किंवा बिनकडेची असेल तर मग झुमके खुशाल घाला.

नथ मोत्यांची असते, म्हणून कानात मोतीच शोभतात, नाही तर साधं सोनं. मोत्याच्या नथीसोबत कुंदनाचे भलेमोठे झुमके घातले की दोन वेगळ्या घरांतली माणसं एका फोटोत उभी केल्यासारखं दिसतं. आणि टिकली नथीपेक्षा लहान ठेवा.

आता स्कार्फ. घरी आरशात सगळं जमलेलं असतं, मग तोंडाला स्कार्फ बांधून, वर हेल्मेट चढवून वर्धा रोडच्या लॉनपर्यंत जायचं. उतरल्यावर झुमक्याचा हूक स्कार्फच्या धाग्यात अडकलेला, गजरा चपटा, टिकली स्कार्फला चिकटलेली. दोष तयारीचा नाही, क्रमाचा आहे. गाडीवर जाणार असाल तर कानांत, नाकात आणि केसांत घरून काहीही घालू नका. झुमके आणि नथ छोट्या डबीत आणि गजरा पानात गुंडाळून पर्समध्ये. टिकलीचं पाकीट, एक लहान आरसा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं लागतात. झुमके जड असतील तर केसांत अडकवायचा वेलही तिथेच लावा, म्हणजे पाळीवर भार येत नाही.

तक्रार पाचवी: हात मोकळे तरी दिसतात नाही तर कोंबलेले

बांगडीचं माप चुकलं की हात बिघडतो, आणि माप चुकतं कारण आपण वर्षानुवर्षं "माझं दोन-सहा" एवढंच सांगत आलोय. २-४ म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक चार सोळांश इंच, म्हणजे सव्वादोन. २-८ म्हणजे अडीच. अंगठा तळहातात दुमडून हात बांगडी चढवताना करतो तसा निमुळता करा आणि बोटांच्या मुळाशी सर्वांत रुंद जागी टेप गुंडाळा. १८ सेंटिमीटर आलं तर २-४, १९ आलं तर २-६, २० आलं तर २-८. काचेची बांगडी मधल्या मापात अडली तर वरचं माप घ्या, धातूची असेल तर दोन्ही घालून बघा.

हे माप संध्याकाळी घ्या. उन्हात बोटं आणि मनगटं थोडी सुजतात. सकाळी कूलरच्या गारव्यात सहज चढलेल्या बांगड्या दुपारी निघता निघत नाहीत, आणि मग साबण लावून त्या काढताना एखादी पिचते. पेच असलेले तोडे असतील तर ही कटकट नाही.

भरायचं कसं? तोडे किंवा गोठ कडेला, मधे काच. म्हणजे काच सरकून एकमेकींवर आपटत नाही. दोन्ही हात सारखेच भरायला हवेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण एका हातात डझनभर आणि दुसऱ्यात फक्त स्मार्टवॉच असेल तर फोटोत काळा पट्टा तेवढा दिसतो. रबरी पट्ट्याचं घड्याळ रेशमी साडीवर मला कुठेच पटत नाही. पावलं एक दिवस मोजली नाहीत तरी चालतील.

पुरुषांचं थोडक्यात सांगते, कारण "माझं काय चुकलंय?" म्हणून हल्ली तेही विचारतात. बुटांचा आणि बेल्टचा रंग एक ठेवा, बकल आणि घड्याळ एका धातूचं. कुर्ता-जॅकेटवर फेटा असेल तर खांद्यावर उपरणं नको. खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा काढा. तो फुगवटा कुठल्याही ब्रोचने झाकत नाही.

तक्रार सहावी: पर्स आणि चपला

पर्स साडीला जुळलीच पाहिजे हा आग्रह सोडा. तिचं आकारमान जुळलं पाहिजे. डबा, पाण्याची बाटली मावणारी रोजची पर्स काठापदराच्या साडीवर खांद्याला लावली की पदर दाबला जातो आणि खांद्याची घडी विस्कटते. तेव्हा हातातला बटवा किंवा क्लच बरा. मूल सोबत असेल, सामान जास्त असेल, तर मोठी पिशवी नवऱ्याकडे द्या. फोटोच्या वेळी त्याने ती खाली ठेवावी, एवढं आधीच बजावून ठेवा.

चपला मात्र साडी नेसायच्या आधी घालायच्या. मोठ्या हिलवर नेसलेली साडी सपाट चपलेवर जमिनीला लोळते, आणि सपाट चपलेवर नेसलेली हिलवर घोट्याच्या वर जाते. लॉनवर कार्यक्रम असेल तर टोकदार हील नकोच. हिरवळीवर संध्याकाळी पाणी मारलेलं असतं, टाच सरळ रुतते. जाड टाचेची किंवा पूर्ण सोलची सँडल घ्या आणि सगळी साडी तिच्यावरच नेसा. जोडवी-पैंजण दिसायला हवेत असं वाटत असेल तर पुढून उघडी, बारीक पट्ट्यांची सँडल निवडा. आणि नवीन असेल तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात घरात घालून फिरा. पायाला फोड आला की माणूस वाकडा चालतो, आणि त्यापुढे गळ्यातला हार कितीही नीट बसलेला असला तरी कुणाचं तिकडे लक्ष जात नाही.